गाडी घरातली, कर सीमेवरचा

घरानंतर मध्यमवर्गीय भारतीय कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी म्हणजे मोटार. घर मुलाच्या नावावर करायचे तर आपण वकिलाकडे जातो, दागिने मुलीला द्यायचे तर सनदी लेखापालाला विचारतो. गाडीच्या बाबतीत मात्र किल्ली हातात दिली की व्यवहार संपला, असा सार्वत्रिक समज आहे. वडील मुलाला गाडी देतात, भाऊ भावाला देतो, सासरे जावयाला देतात. नोंदणी पुस्तिकेवरचे नाव तसेच राहते. यामागे निव्वळ आळस आहे असे मला वाटत नाही. आपली करव्यवस्थाच कुटुंबांना या वाटेने ढकलते, आणि त्याची किंमत करापेक्षा कितीतरी जड असते. या लेखात तेच मांडायचे आहे.

हा प्रश्न समजून घेण्यासाठी दिल्लीतल्या करोल बागेसारखी दुसरी जागा नाही. येथे नाईवाला आणि आसपासच्या गल्ल्यांत जुन्या मोटारी आणि दुचाकींचा राजधानीतला एक जुना आणि मोठा बाजार भरतो. त्याला लागूनच बिडनपुरा आणि रेगरपुरा या सोन्याच्या वस्त्या आहेत. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर गेलेल्या मराठी कुटुंबांना या गल्ल्या परक्या नाहीत. गलाई व्यावसायिकाचे दुकान दिल्लीत असते, आई-वडील आणि शेती गावाकडे असते, एखादा भाऊ पुण्यात नोकरीला असतो. कुटुंब एकच, पण त्याचे पत्ते तीन. अशा कुटुंबातली ‘दिल्ली पासिंग’ची गाडी एके दिवशी गावाकडे जाते. प्रश्न तेथून सुरू होतो.

प्रथम केंद्राचे कर पाहू, कारण सर्वाधिक गैरसमज त्यांच्याबद्दल आहेत. आयकर कायद्यानुसार व्यक्तिगत वापराची मोटार ही ‘भांडवली मालमत्ता’ नाही. ती व्यक्तिगत वापराच्या वस्तूंत मोडते. त्यामुळे ती विकून नफा झाला तरी भांडवली नफ्यावरचा कर लागत नाही आणि तोटा झाला तर तो दाखवताही येत नाही. भेटीचे म्हणाल, तर भेट मिळालेल्या ज्या मालमत्तेवर कर लागू शकतो तिची यादीच कायद्याने दिली आहे: जमीन-घर, समभाग, दागिने, सोने-चांदी, चित्रे, शिल्पे, पुरातन वस्तू, आभासी चलन इत्यादी. मोटार त्या यादीत नाही. शिवाय नातेवाइकांकडून मिळालेली भेट मुळातच करमुक्त आहे. वडिलांनी गाडीऐवजी गाडीसाठी पैसे दिले, तरी मुलाला त्यावर कर नाही. १ एप्रिल २०२६ पासून १९६१च्या कायद्याची जागा घेणाऱ्या आयकर कायदा २०२५ची रचना वेगळी असली, तरी हे मूळ सूत्र त्यात कायम आहे.

वस्तू व सेवा कराबद्दलचा गोंधळ अलीकडचा आहे. २१ डिसेंबर २०२४ रोजी जैसलमेर येथे झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५५व्या बैठकीत जुन्या वाहनांच्या विक्रीवरील कराचा दर सरसकट १८ टक्के करण्यात आला. तोवर लहान गाड्यांना आणि विजेवरच्या वाहनांना १२ टक्के दर होता. त्यानंतर काही दिवस समाजमाध्यमांवर असा समज पसरला, की शेजाऱ्याला जुनी गाडी विकली तरी सरकार १८ टक्के घेणार. वस्तुस्थिती तशी नाही. जीएसटीखाली नोंदणी नसलेल्या व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला गाडी विकली वा दिली, तर हा कर लागतच नाही. तो लागतो नोंदणीकृत व्यावसायिकाला, आणि तोही पूर्ण किमतीवर नव्हे, तर केवळ फरकावर, म्हणजे ‘मार्जिन’वर. मार्जिन उणे असेल तर कर शून्य.

मात्र करोल बागेतल्या दुकानदाराने येथे सावध राहावे. त्याची गाडी दुकानाच्या हिशेबात असेल आणि त्याने तिच्यावर घसारा घेतला असेल, तर ती ‘घरची गाडी’ राहत नाही. घसारा वजा जाऊन गाडीचे पुस्तकी मूल्य दोन लाख रुपये उरले आणि ती भावाला तीन लाखांना विकली, तर एक लाखाच्या फरकावर १८ टक्के म्हणजे १८ हजार रुपये जीएसटी द्यावा लागतो. आयकरातही अशा गाडीला व्यक्तिगत वस्तूचे संरक्षण मिळत नाही. घेणारा सख्खा भाऊ आहे, याने काही फरक पडत नाही. उलट जीएसटी कायदा कुटुंबीयांना ‘संबंधित व्यक्ती’ मानतो आणि त्यांच्यातल्या व्यवहाराच्या किमतीकडे अधिक बारकाईने पाहतो.

येथे एक मौज लक्षात येते. ‘कुटुंब’ म्हणजे कोण, याचे उत्तर प्रत्येक कायद्यात निराळे आहे. आयकर कायद्यातले नातेवाईक भरपूर आहेत: पती-पत्नी, भावंडे, जोडीदाराची भावंडे, आई-वडिलांची भावंडे, वरच्या-खालच्या पिढीतले थेट वंशज आणि या सर्वांचे जोडीदार. जीएसटीतले कुटुंब आटोपशीर आहे: पती-पत्नी आणि मुले. आई-वडील, आजी-आजोबा आणि भावंडे त्यात येतात, पण ती पूर्णतः किंवा मुख्यतः त्या व्यक्तीवर अवलंबून असतील तरच. महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्याने २०१५मध्ये निवासी घर वा शेतजमीन पती, पत्नी, मुले, नातवंडे किंवा दिवंगत मुलाच्या पत्नीला बक्षीस देताना केवळ २०० रुपये मुद्रांक शुल्क ठेवले. म्हणजे कोट्यवधींचे घर मुलीला देताना राज्य नात्याचा मान राखते. वाहन करात मात्र नात्याला असा थाराच नाही. तेथे एकच प्रश्न विचारला जातो: गाडी कोणत्या राज्यात राहणार?

याचे कारण राज्यघटनेत आहे. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीतील ५७व्या नोंदीने वाहनांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. त्या कराची तत्त्वे ठरवण्याची मुभा समवर्ती सूचीतील ३५व्या नोंदीने केंद्रालाही आहे. तथापि दर आणि वसुली राज्यांच्या हाती आहे. गाडी त्याच राज्यात वडिलांच्या नावावरून मुलाच्या नावावर झाली, तर खर्च किरकोळ असतो. केंद्रीय नियमांप्रमाणे हस्तांतराचे शुल्क नोंदणी शुल्काच्या निम्मे, म्हणजे मोटारीला ३०० आणि दुचाकीला १५० रुपये आहे. पुण्यातल्या वडिलांनी पुण्यातल्या मुलीला गाडी दिली, तर एवढ्यात काम भागते. तीच गाडी दिल्लीतल्या भावाने विट्याच्या भावाला दिली, तर मात्र रस्ता कर नव्याने उभा राहतो.

हिशेब मांडून पाहू. समजा, करोल बागेतल्या व्यावसायिकाने आठ लाख रुपयांची पेट्रोल मोटार घेतली. दिल्लीत सहा ते दहा लाखांच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कराचा दर ७ टक्के आहे. त्याने ५६ हजार रुपये भरले. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला हा दर ११ टक्के आहे; तीच गाडी सांगलीत नवी घेतली असती तर ८८ हजार लागले असते. हा कर साधारण १५ वर्षांच्या आयुष्याचा धरला जातो. पाच वर्षांनी गाडी गावाकडे गेली. सरळ प्रमाण धरले, तर न वापरलेल्या दहा वर्षांचे सुमारे ३७ हजार रुपये दिल्लीकडे पडून आहेत आणि महाराष्ट्राचा त्याच दहा वर्षांचा रास्त वाटा सुमारे ५९ हजार होतो. राज्यांची प्रत्यक्ष कोष्टके यापेक्षा गुंतागुंतीची आहेत. हे आकडे केवळ समजण्यासाठी. न्याय्य हिशेब केला, तर या कुटुंबाने वरचे सुमारे २१-२२ हजार रुपये द्यायला हवेत.

प्रत्यक्षात काय घडते? आधी दिल्लीतून ना हरकत प्रमाणपत्र आणायचे. त्यासाठी प्रलंबित चलाने भरायची, कर्ज असेल तर बँकेची संमती घ्यायची. मग महाराष्ट्रात कर पूर्ण भरायचा, नवा क्रमांक घ्यायचा, आणि त्यानंतर त्या नव्या नोंदणीचा पुरावा घेऊन दिल्लीकडे परताव्यासाठी अर्ज करायचा. परताव्याची सोय राज्यांच्या कायद्यांत साधारणपणे असते; पण ती मिळवायला शेकडो किलोमीटर दूरच्या कार्यालयाचा पाठपुरावा करावा लागतो. एजंटाचे पैसे, प्रवास आणि बुडालेले दिवस धरले, तर अनेक कुटुंबे परताव्यावर पाणी सोडतात. परिणामी ती एकाच काळाचा कर दोन राज्यांना देतात.

त्याहून विचित्र गोष्ट मुदतीची. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ४७नुसार परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवली, तर तिची नव्याने नोंदणी करावी लागते. कलम ५०नुसार मालकी बदलली, तर नव्या मालकाने ३० दिवसांत आपल्या भागातल्या नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे लागते. म्हणजे गाडी प्रामाणिकपणे भावाच्या नावावर केली तर हाती महिना. नाव न बदलता नुसती पाठवून दिली तर किमान वर्ष, आणि बारा महिने झाले की नाहीत हे कोण मोजणार? कायदा नियम पाळणाऱ्याला घाईत पाडतो आणि न पाळणाऱ्याला सवड देतो.

म्हणून कुटुंबे सोपा मार्ग काढतात. ‘टीटी फॉर्म’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या करून ठेवतात, तारीख कोरी ठेवतात आणि गाडी चालवत राहतात. दिल्लीत या प्रवाहाला आणखी एक रेटा आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४-१५मधील आदेशांनी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या आदेशाने राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. न्यायालयाने त्यात पुढे बदल केले असले, तरी गाडीचे वय वाढू लागले की ती गावाकडच्या नातेवाइकाला देऊन टाकावी, असा विचार दिल्लीकर करतो. अशा गाडीची बाजारातली किंमत उतरलेली असते. तिच्यासाठी दुसऱ्यांदा कर भरणे कुणालाच पटत नाही.

या टाळाटाळीची खरी किंमत अपघाताच्या दिवशी कळते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेला निकाल प्रत्येक वाहनधारकाने ध्यानात ठेवावा असा आहे. त्यातली गाडी मूळ मालकाने २००७मध्ये विकली होती आणि ती पुढे अनेक हातांतून गेली. २००९मध्ये अपघात झाला, तेव्हा नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावे होती. न्यायालयाने स्पष्ट केले, की कायद्याच्या दृष्टीने ज्याच्या नावे नोंदणी तोच मालक. नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच. अपघातग्रस्ताला मालकांच्या साखळीचा माग काढत फिरायला लावता येणार नाही, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. पण याचा अर्थ असा, की गावाकडच्या पुतण्याने केलेल्या अपघाताची भरपाई करोल बागेतल्या काकाच्या माथी येऊ शकते. विम्याची मुदत पुतण्याच्या हातून चुकली असेल, तर ती रक्कम काकाच्या घरादारावर जाईल.

विम्याचे गणितही नावाशी जोडलेले आहे. मालकी बदलल्यास तृतीय पक्षाचा विमा कायद्याने नव्या मालकाकडे आपोआप जातो. नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचे असते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे संरक्षण मात्र तसे आपोआप जात नाही. त्यामुळे विमापत्र एकाच्या नावे आणि नोंदणी दुसऱ्याच्या नावे, अशा स्थितीत दावा अडकण्याची शक्यता मोठी असते.

आणि प्रश्न अपघातापुरता नाही. १० नोव्हेंबर २०२५च्या संध्याकाळी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या मोटारीत स्फोट झाला, ती हरियाणात नोंदलेली होती आणि एकामागून एक अनेकांच्या हातांतून गेलेली होती. तपास यंत्रणांना मूळ नोंदणीदारापासून ती साखळी उलगडावी लागली. वाहनांची राष्ट्रीय नोंदवही किती खोटी असू शकते, हे त्या दिवशी देशाला दिसले. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना परवाना घेणे आणि हाती आलेली गाडी नोंदवणे एप्रिल २०२३पासून केंद्रीय नियमांनी बंधनकारक आहे. तो नियम बाजारासाठी आहे. घरातल्या घरात, कोऱ्या तारखेच्या फॉर्मवर हात बदलणाऱ्या गाडीला तो लागूच होत नाही.

यावर उपाय म्हणून ‘कुटुंबातल्या हस्तांतराला रस्ता कर माफ करा’ अशी मागणी केली जाते. मला ती तशीच्या तशी मान्य नाही. गाडी विट्याच्या रस्त्यावर धावणार असेल, तर तो रस्ता बांधणाऱ्या महाराष्ट्राचा तिच्यावर हक्क आहे. ऑगस्ट २०२५मध्ये विशाखापट्टणमच्या पोलाद प्रकल्पातल्या वाहनांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की वाहन कर हा सार्वजनिक रस्त्यांच्या वापराशी निगडित, भरपाईच्या स्वरूपाचा कर आहे. बंदिस्त आवारातच वापरलेल्या वाहनाकडून तो त्या काळासाठी मागता येत नाही. हेच तत्त्व पुढे नेले, तर निष्कर्ष दुहेरी निघतो. महाराष्ट्राला पुढच्या दहा वर्षांचा कर मिळाला पाहिजे. आणि ज्या रस्त्यावर गाडी यापुढे धावणारच नाही, त्या रस्त्याचे पैसे दिल्लीने धरून ठेवता कामा नयेत.

राज्यांचा संशयही अनाठायी नाही. कमी कर असलेल्या पुदुच्चेरीत भाड्याच्या पत्त्यावर आलिशान गाड्या नोंदवून त्या केरळात फिरवण्याचे प्रकार २०१७मध्ये गाजले होते. नाते सांगितले की कर माफ, असे केले तर काका-पुतण्यांची नवी नाती रातोरात तयार होतील. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात कुटुंबातल्या भेटीच्या गाडीला सव्वासहा टक्के विक्रीकराऐवजी केवळ दहा डॉलर लागतात. पण तेथे पात्र नाती कायद्यात मोजून दिली आहेत आणि देणारा-घेणारा दोघांनाही शपथपत्र द्यावे लागते. सवलत द्यायची, तर नात्याची व्याख्या आणि खोटेपणाची शिक्षा आधी ठरवावी लागते.

म्हणून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, आणि सर्वांत महत्त्वाची: पैसा गाडीच्या मागे गेला पाहिजे, नागरिकाने पैशाच्या मागे धावू नये. आंतरराज्य व्यापारात जीएसटीची विभागणी केंद्र आणि राज्ये आपापसांत करतात; व्यापाऱ्याला दोन राजधान्यांच्या खेपा माराव्या लागत नाहीत. वाहनांची नोंदणी आता बहुतांशी ‘वाहन’ या राष्ट्रीय संगणक प्रणालीवर आहे. मग उरलेल्या वर्षांचा कर एका राज्याच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात वळवून, नागरिकाकडून फक्त फरक घेणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. करांची तत्त्वे ठरवण्याची केंद्राची मुभा नेमकी अशाच कामासाठी आहे.

दुसरी, भारत मालिकेचे दार उघडावे. सप्टेंबर २०२१पासून सुरू झालेल्या ‘बीएच’ नोंदणीत दोन-दोन वर्षांचा कर भरता येतो आणि राज्य बदलले तरी क्रमांक बदलत नाही. पण ही सोय सरकारी व सार्वजनिक उपक्रमांतल्या कर्मचाऱ्यांना आणि चार वा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरदारांना आहे. बदली होणाऱ्या अधिकाऱ्याला देश एक वाटतो. पोटासाठी तीन राज्यांत विखुरलेल्या गलाई कारागिराला मात्र प्रत्येक सीमेवर नवा देश लागतो. स्वयंरोजगार करणाऱ्यांना, मग थोडा जादा दर लावून का होईना, ही सोय मिळायला हवी.

तिसरी, कुटुंबातल्या हस्तांतराला मुदतीची सवलत द्यावी. रक्ताच्या आणि विवाहाच्या जवळच्या नात्यांत मालकीची नोंद आधी बदलावी आणि कर भरण्यास बारा महिने द्यावेत. याने राज्याचा एक रुपयाही बुडत नाही. नोंदवहीत मात्र खरे नाव लगेच येते.

हे होईपर्यंत वाचकांनी काय करावे? घरातल्या घरात गाडी देत असाल, तर साधे बक्षीसपत्र लिहून ठेवा. जंगम वस्तूच्या भेटीला ताबा देणे पुरेसे असले, तरी लेखी पुरावा वादात उपयोगी पडतो. कोऱ्या तारखेच्या फॉर्मवर सही करू नका. गाडी दुकानाच्या हिशेबात असेल तर आधी लेखापालाला विचारा. २०२१पासून नोंदणी पुस्तिकेत नामनिर्देशन करता येते, ते करून ठेवा. मालकाचे निधन झाल्यास वारसाने ३० दिवसांत कळवावे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१द्वारे नाव बदलून घ्यावे. अशा वेळी जोडीदार, मुले वा आई-वडील यांच्याकडे गाडी आल्यास विम्यातली ‘नो क्लेम बोनस’ची सवलतही त्यांच्याकडे येऊ शकते, एरवी ती गाडीबरोबर जात नाही.

करधोरणाचे यश केवळ तिजोरीत किती आले यावर मोजण्याची आपल्याला सवय झाली आहे. वाहन कराच्या बाबतीत दुसरे मोजमाप अधिक महत्त्वाचे आहे: नोंदवहीतले नाव आणि चालकाच्या आसनावरचा माणूस यांत अंतर किती? काही हजार रुपयांच्या दुहेरी करासाठी राज्यांनी हे अंतर वाढू दिले आहे. त्याची भरपाई कधी अपघातात हात गमावलेला पादचारी करतो, कधी कोर्टाची नोटीस हाती पडलेला काका करतो. आंतरराज्य हिशेब हा राज्यांनी आपापसांत करायचा असतो. त्याचा भार विटा आणि करोल बागेत विभागलेल्या घरावर टाकणे न्याय्यही नाही आणि शहाणपणाचेही नाही.